लेबलवर शंभर टक्के कॉटन आहे, तरी शर्ट पाठीला का चिकटतो?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. तुम्ही गेल्या पावसाळ्यात बदलीवर नाशिकहून सोलापूरला आलात, हा तुमचा इथला पहिलाच उन्हाळा आहे, रोज जुळे सोलापूरहून मंगळवार पेठेपर्यंत दुचाकीने जाता आणि कार्यालयात केवळ पंखा आहे. मार्चमध्ये तुम्ही ४० मापाचे तीन स्लिम फिट शर्ट घरबसल्या मागवले. तिन्हींच्या लेबलवर शंभर टक्के कॉटन लिहिलेले आहे, तरीही अकरा वाजेपर्यंत ते पाठीला चिकटतात. आता ते बाजूला ठेवून लिननचे शर्ट घ्यावेत का, शर्ट गबाळा न दिसता किती सैल ठेवता येईल आणि बाही अर्धी असावी की पूर्ण, असे तुम्ही विचारले आहे.

मी सोलापुरात २७ वर्षे शर्ट शिवतो आहे. लिनन चांगलेच आहे. परंतु तुमचा त्रास कॉटनमुळे झालेला नाही, म्हणून केवळ लिनन घेतल्याने तो जाईल असे मला वाटत नाही. गिऱ्हाईक दुकानात आल्यावर पहिल्यांदा धाग्याची जात विचारते. माझ्या अनुभवात तिचा क्रमांक तिसरा लागतो. शर्ट अंगापासून किती सुटा राहतो हे पहिले, आणि कापडाची वीण किती मोकळी आहे व त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे हे दुसरे. अर्थात यातले काही माणसागणिक बदलते. तुम्हाला घाम किती येतो, दिवसातला किती वेळ उन्हात जातो, घरी रोज इस्त्री होते का, चुरगळलेला शर्ट तुमच्या कार्यालयात चालतो का, हे मला माहीत नाही. त्यामुळे मी निर्णयामागची कारणे सांगतो आणि तुमच्या परिस्थितीला ती तुम्ही लावून पाहावीत.

सोलापूरचा उन्हाळा कोरडा असतो, हे सर्वांत आधी ध्यानात घ्यावे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो, परंतु दुपारच्या हवेत ओलावा फार थोडा असतो. म्हणूनच इथे माठातले पाणी गार होते आणि कूलर खोली थंड करतो. तोच कूलर मुंबईत लावला तर खोली नुसती दमट होते. अंगावरचा सुती शर्ट हा माठाच्या भिंतीसारखे काम करतो. तो घाम शोषून घेतो, बाहेरच्या बाजूपर्यंत आणतो, आणि तिथे तो घाम वाळताना अंगातली उष्णता सोबत घेऊन जातो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या हवेत शोषलेला घाम वाळतच नाही, म्हणून तिकडच्या लोकांचा चटकन वाळणाऱ्या जाळीदार कापडाचा सल्ला त्यांच्यापुरता बरोबर आहे, पण तो इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्याकडे कापडाने घाम धरून ठेवणे हा दोष नसून गुण आहे. मात्र माठालाही भोवती खेळती हवा लागते. माठ बंद कपाटात ठेवला तर पाणी गार होणार नाही, आणि घट्ट शर्टाच्या आत नेमके तेच घडते.

आता तुमच्या लेबलाविषयी. सोलापूरच्या प्रत्येक घराला ठाऊक असलेली गोष्ट आहे की नवा कोरा टॉवेल अंग नीट पुसत नाही. तो दोन-तीनदा धुतल्यावर खऱ्या अर्थाने पाणी पिऊ लागतो, कारण कारखान्यातून येताना त्याच्यावर मऊपणासाठी रसायनाचा हात फिरवलेला असतो. शर्टाच्या कापडाचेही असेच असते. सूत शंभर टक्के कापसाचे असते, परंतु हाताला रेशमी लागावे म्हणून त्यावर सिलिकॉनसारखे सॉफ्टनर चढवतात, किंवा सुरकुत्या पडू नयेत म्हणून रेझिनची प्रक्रिया करतात. सॉफ्टनर धुण्यांत हळूहळू कमी होते. रेझिनची प्रक्रिया मात्र धाग्याच्या आत जाऊन बसते आणि तिच्यामुळे कापसाची पाणी शोषण्याची ताकद कमी होते. ‘रिंकल फ्री’ किंवा ‘नॉन आयर्न’ असे लिहिलेला शर्ट मी उन्हाळ्यासाठी कोणालाही सुचवत नाही. तपासणी सोपी आहे. शर्ट उलटा करून पाठीच्या भागावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडावा. तो तीन-चार सेकंदांत पसरून आत गेला तर कापड चांगले आहे; मण्यासारखा उभा राहिला तर तुमचा घामही तसाच पाठीवर उभा राहणार आहे.

विणीबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण फसगत बहुतेक वेळा इथेच होते. माझे वडील इथल्या एका गिरणीत विणकाम खात्यात साच्यावर काम करत असत. मी दुकान थाटले तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा कात्री धरायला नव्हे, तर कापड उजेडासमोर धरायला शिकवले. कापडाचा एकच पदर ट्यूबलाइटसमोर धरायचा आणि ताणा व बाणा, म्हणजे उभे व आडवे धागे, यांच्यामध्ये सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके सर्वत्र सारखे दिसतात का ते पाहायचे. ठिपके दिसले म्हणजे वारा जायला वाट आहे. काहीच दिसले नाही तर सूत कितीही भारी असो, ते कापड थंडीचे आहे. दुसरी परीक्षा फुंकरीची. कापड तोंडासमोर चार बोटांच्या अंतरावर धरून फुंकर मारावी आणि पलीकडे तळहात ठेवावा. पॉपलीन किंवा कॅम्ब्रिक या साध्या विणीच्या सुती कापडांमधून ती तळहातावर जाणवते. घट्ट विणलेल्या ट्विलमध्ये किंवा सॅटिन विणीत ती अडते आणि आपल्याच गालांवर परत येते.

काउंटचा आकडाही समजून घ्यावा. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी भरतात, त्यावरून काउंट ठरतो, म्हणजे आकडा जितका मोठा तितके सूत बारीक. ४० काउंटचे सूत दणकट असते, ६० काउंटचे रोजच्या उन्हाळी शर्टाला माझ्या मते सर्वांत योग्य ठरते आणि १०० काउंटचे फारच तलम असते. परंतु बारीक सूत दाट ठासून विणले तर तलमपणा हाताला जाणवतो आणि वारा मात्र जात नाही. म्हणून आकडा ऐकून भुलू नये. त्याऐवजी कापडाचे वजन विचारावे. चौरस मीटरला १०० ते १२० ग्रॅमची साधी वीण रोजच्या शर्टाला उत्तम असते. ऑक्सफर्डचे कापड साधारण दीडशे ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जड असते. ते दिसते सुरेख, पण दिवाळीनंतर घालावे. उलट टोकाला मलमल आहे. ती घरात घालायच्या कुर्त्याला छान, परंतु दुचाकीवरच्या उन्हात ती पुरेशी आड होत नाही, घामाने ओली झाली की आरपार दिसते आणि मुंढ्याच्या, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईच्या, शिवणीपाशी लवकर विरते.

एक कापड आपल्याकडे फारसे मागितले जात नाही, त्याची मी आवर्जून शिफारस करतो. ते म्हणजे सीअरसकर. विणताना ताण्याचे काही पट्टे घट्ट आणि काही सैल ठेवतात, त्यामुळे सैल पट्ट्यांना कायमच्या बारीक चुण्या पडतात. हे नाव ‘शीर-ओ-शकर’ या फार्सी शब्दांवरून आले, म्हणजे दूध आणि साखर, एक पट्टा गुळगुळीत आणि एक खरबरीत. चुण्यांमुळे कापड अंगाला सपाट टेकत नाही, उंचवट्यांवरच टेकते आणि मधल्या पोकळीत हवा राहते. शिवाय त्याला इस्त्री लागत नाही, आणि तेही कोणत्याही रसायनाशिवाय.

लिननकडे वळतो. आपण ज्या जवसाची चटणी खातो, त्याच वनस्पतीच्या उंच वाढणाऱ्या वाणांच्या खोडातून लिननचा तंतू काढतात. तो कापसापेक्षा जाडसर आणि ताठ असतो, म्हणून कापड अंगाला लगटत नाही, थोडे दूर उभे राहते. हाच त्याचा खरा फायदा आहे. ओलावा धरण्याच्या बाबतीतही तो पुढे आहे. प्रयोगशाळेतल्या ठरावीक हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारे ८ ग्रॅम ओलावा धरतो, लिनन सुमारे १२ ग्रॅम, तर पॉलिएस्टर अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. परंतु शुद्ध लिनन बसल्याजागी चुरगळते. ज्यांना दिवसभर लोकांसमोर बसायचे असते, त्यांना मी ५५ टक्के लिनन आणि ४५ टक्के कॉटन असे मिश्रण सुचवतो. त्यात ताठपणा बराच टिकतो आणि सुरकुत्या सौम्य पडतात.

लिननच्या बाबतीत माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. दुकान सुरू करून चार वर्षे झाली होती. एका शिक्षकांनी निवृत्तीच्या समारंभासाठी फिकट बदामी लिनन आणून दिले. दिवस थोडे होते म्हणून मी कापड पाण्यातून न काढताच बेतले. समारंभाला शर्ट उत्तम बसला, पण पहिल्या धुण्यात कापड आटले आणि बाह्या मनगटाच्या दीड इंच वर आल्या. त्यांनी एक शब्दही वाईट बोलला नाही, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले. मी स्वतः कापड आणून त्यांना दुसरा शर्ट शिवून दिला. तेव्हापासून लिनन असो वा कॉटन, कापड रात्रभर बादलीत भिजवायचे, सावलीत वाळवायचे, किंचित दमट असताना इस्त्री करायची आणि मगच कात्री लावायची, हा नियम मी मोडलेला नाही. तुमच्या शिंप्याकडे हे होते का, ते विचारण्यात संकोच बाळगू नये.

बाकीच्या कापडांविषयी थोडक्यात. खादी हाताने कातलेल्या सुताची आणि हाताने विणलेली असते. हातमागाचे सगळे कापड खादी नसते, कारण त्यात गिरणीचे सूत असू शकते. खादीचे सूत किंचित कमी-जास्त जाडीचे असल्याने वीण आपोआप मोकळी राहते, आणि बारीक खादी मिळाली तर तिच्यासारखा उन्हाळी शर्ट नाही. मात्र बाजारात मिळणारी जाडी नीट पारखून घ्यावी. व्हिस्कोस किंवा रेयॉन गार लागते आणि छान झुळझुळते, पण ओले असताना त्याची ताकद घटते, म्हणून धुताना पिळू नये. पॉलिएस्टरच्या खेळाच्या बनियनांना मी सरसकट वाईट म्हणणार नाही. धावताना ते घाम पसरवून लवकर वाळवतात. पण पंख्याखाली आठ तास बसणाऱ्याच्या शर्टात ते अंगाला चिकचिक करते आणि वासही धरते. मिसळ असल्याची शंका आली तर शिवणीतून काढलेले दोन धागे चिमट्यात धरून जाळून पाहावेत. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते, तर पॉलिएस्टर आक्रसून त्याची टणक गोळी होते.

आता माप, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथेच आहे. तुमची छाती ४० इंच असेल तर स्लिम फिट शर्टाचा तयार घेर बहुधा ४३ ते ४४ इंच असतो. हिवाळ्यात तो शोभतो. परंतु उन्हाळ्यात चालताना, हात हलवताना शर्टाच्या आतली हवा गळ्यातून आणि खालच्या घेरातून आत-बाहेर व्हायला हवी, आणि त्यासाठी छातीच्या मापापेक्षा पाच ते सहा इंच जास्त घेर लागतो, म्हणजे ४५ ते ४६ इंच. पोटाचे माप मी नेहमी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून घेतो. उभे असताना आणि बसल्यावर पोटाच्या घेरात दोन-दोन इंचांचा फरक पडतो, आणि तुमचा दिवस दुचाकीवर व खुर्चीवर म्हणजे बसूनच जातो. घरी एक प्रयोग करून पाहा. शर्ट घालून, सगळ्या गुंड्या लावून गाडीवर बसा, हँडल धरा आणि आरशात पाहा. तिसऱ्या आणि चौथ्या गुंडीच्या मधे कापड डोळ्यासारखे उघडले, किंवा पाठीवर दोन्ही मुंढ्यांच्या मधे आडव्या रेघा ताणल्या गेल्या, तर तो शर्ट नेमका तिथेच चिकटतो आहे असे समजावे.

गबाळेपणाची भीती रास्त आहे, पण गबाळेपणा घेरामुळे येत नाही, खांद्यामुळे येतो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर अचूक बसली आणि कॉलर मानेला नीट धरून राहिली, तर खाली सहा इंच सैल असलेला शर्टही रुबाबदार दिसतो. म्हणून एक माप मोठा तयार शर्ट घेणे हा उपाय नाही, कारण त्यात खांदाही उतरतो. सैलपणा खांद्याच्या खालीच हवा. मुंढ्याविषयी लोकांचा एक समज मात्र चुकीचा आहे. मुंढा खोल ठेवला की बगलेत मोकळे वाटेल असे त्यांना वाटते, पण खोल मुंढ्याचा शर्ट हात उचलला की सगळाच्या सगळा वर ओढला जातो. मुंढा बगलेच्या जवळ, पण न काचणारा असावा आणि मोकळीक बाहीच्या घेरात द्यावी. पाठीला खांद्याच्या पट्टीखाली मधोमध एक प्लीट घालून घ्यावी. बाहेर सोडून घालायचा शर्ट असेल तर खालचा घेर सरळ ठेवून दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांचे काप ठेवावेत. हवेसाठी ते फार उपयोगी पडतात.

शर्टात एकाहून अधिक थर कुठे येतात, तेही पाहावे. खांद्याची पट्टी सहसा दुपदरी असते, कॉलर व पुढच्या पट्टीत फ्यूजिंग, म्हणजे ताठपणासाठी चिकटवलेले अस्तर, असते आणि खिशाचा एक थर असतो. मी उन्हाळी शर्टात खांद्याच्या पट्टीचा आतला पदर मलमलीचा घालतो, पुढच्या पट्टीत फ्यूजिंग घालत नाही आणि खिसा एकच ठेवतो. शक्य असेल तर पट्टीची बंद कॉलर किंवा गळा मोकळा ठेवणारी उघडी कॉलर घ्यावी, कारण गरम हवा वर जाते आणि तिला बाहेर पडायला गळ्याचीच वाट असते.

बाहीबद्दल माझे मत ठाम आहे. दुचाकीवर बारा-एकच्या उन्हात जायचे असेल तर पूर्ण बाही घालावी. बाहेरची हवा कातडीपेक्षा गरम असते तेव्हा उघड्या हातांवर वारा गारवा देत नाही, उलट भाजतो. आपल्या भागातले शेतकरी भर उन्हात लांब बाहीची पांढरी पैरण आणि डोक्याला फेटा बांधून रानात जातात, त्यामागे हेच शहाणपण आहे. कार्यालयात पोहोचल्यावर बाही कोपरापर्यंत दुमडावी. फिरायला, संध्याकाळी बाहेर जायला अर्ध्या बाहीचा शर्ट ठेवावा, आणि त्या बाहीचा घेर दंडापेक्षा दीड-दोन इंच जास्त असावा.

रंग फिकट असावा हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यात इतकीच भर घालतो की घामाचा ओला डाग आकाशी व राखाडी रंगावर सर्वांत ठळक दिसतो. गडद निळ्या आणि काळ्या रंगावर ओल दिसत नाही, पण आपल्या कोरड्या हवेत घाम वाळला की मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. पांढरा, मोतिया, फिकट पिवळा किंवा बारीक चौकडी असलेला कपडा दोन्ही अडचणी टाळतो. आत बनियन घालायचे असेल तर पातळ सुती, बिनबाह्यांचे घालावे; शर्ट सैल असेल तर ते घाम टिपण्याचे काम चांगले करते, घट्ट शर्टाखाली मात्र तो आणखी एक थर ठरतो.

म्हणजे तुम्ही माझ्या दुकानात आला असता तर मी तुमच्यासाठी ६० काउंटच्या पॉपलीन किंवा कॅम्ब्रिकचे पूर्ण बाहीचे दोन शर्ट, लिनन-कॉटनचा एक आणि अर्ध्या बाहीचा सीअरसकरचा एक, असे सुचवले असते. कापडाचा पन्ना, म्हणजे रुंदी, ५८ इंच असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला सुमारे १.६० मीटर कापड लागते, ३६ इंची असेल तर सव्वादोन मीटर. पाठीच्या प्लीटसाठी दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त घ्यावे. लग्नसराईत शिंप्यांकडे गर्दी असते आणि घाईत कापड भिजवणे राहून जाते, म्हणून पुढच्या वर्षी हे काम फेब्रुवारीतच उरकावे. तयार शर्टच घ्यायचा असेल, तर तुम्हाला आज सर्वांत सुखाचा वाटणारा जुना शर्ट पलंगावर सपाट पसरून बगलेपासून बगलेपर्यंत टेपने मोजावा. ते अंतर २३ इंच असेल तर घेर ४६ झाला. मग विक्रेत्याच्या तक्त्यात दिलेले आकडे अंगाचे आहेत की तयार कपड्याचे, ते वाचून पडताळावे. बहुतेक चुका हे दोन आकडे एकच समजल्यामुळे होतात.

तुमचे ते तीन शर्ट मात्र लगेच टाकून देऊ नका. आधी थेंबाची परीक्षा करा. थेंब उभा राहिला तर शर्ट कोमट पाण्यात थोड्या साबणासह तासभर भिजवून तीन-चार वेळा धुवा आणि कपड्यांना मऊपणा आणणारे द्रव वापरू नका. त्यानंतर शर्ट उलटा करून बाजूच्या शिवणी पाहा. आत माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेले जादा कापड, अर्ध्या इंचाची असेल, तर शिंपी टीप उसवून दोन्ही बाजूंनी मिळून इंच-दीड इंच घेर वाढवून देऊ शकतो. तयार शर्टात ओव्हरलॉकची माया बहुधा इतकी नसते. तसे असल्यास खाली दोन्ही बाजूंना काप काढून घ्या, शर्ट खोचू नका आणि तो सकाळी उन्हात घालून निघण्याऐवजी संध्याकाळसाठी ठेवा.